घर मोठे, पाऊल जड?

बर दुबईतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही पंधरा वर्षे काढली. खाली किराणा, कोपऱ्यावर भाजी, देऱ्याला जायचे तर एक दिरहमचा अब्रा. २०११ साली मेट्रोची ग्रीन लाइन आल्यापासून ऑफिसलाही गाडीविनाच जातो. यंदा पगार वाढला आणि घरात विषय निघाला: शहराबाहेर अंगण असलेला व्हिला घ्यायचा का? मुलांनी तर झोपाळ्याची जागाही ठरवली!

आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो, त्याला कार्बन फूटप्रिंट म्हणतात. मी वही घेऊन बसलो. व्हिला ते ऑफिस जाऊन-येऊन ६० किलोमीटर, म्हणजे रोज साधारण ६ लिटर पेट्रोल. एक लिटर जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कामाचे २५० दिवस धरले तर वर्षाला जवळजवळ साडेतीन टन! भारतात सगळ्या इंधनांचा मिळून माणशी वार्षिक वाटा सुमारे दोन टन आहे.

शिवाय एसी. फ्लॅटला वर, खाली, शेजारी घरे असतात. ऊन एक-दोन भिंतींवरच येते. व्हिल्याच्या चारही भिंती आणि छप्पर तापते. बागेला नळाचे पाणी घालायचे, तर तेही समुद्राचे, वीज खर्चून गोडे केलेले. आपल्या जवळच्या अल फहिदीतली जुनी घरे पाहा. एकमेकांना खेटलेली, मध्ये अरुंद गल्ल्यांची सावली, वर वाऱ्याचे मनोरे.

मग आम्ही फ्लॅटवाले पुण्यवान ठरलो का? खरे सांगायचे तर नाही. इतकी वर्षे लहान घरात राहिलो, कारण मोठे परवडत नव्हते. नाइलाजाला त्याग म्हणू नये. शिवाय दर उन्हाळ्यात आम्ही चौघे विमानाने मुंबईला जातो, तेव्हा वाचवलेल्यातला चांगलाच भाग खर्ची पडतो. हवेला आपला हेतू कळत नाही. संयमाचा प्रश्न खरा सुरू होतो तो परवडू लागल्यावरच.

व्हिल्यात राहणाऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. म्हातारे आईवडील सोबत असतील तर अंगण ही चैन नव्हे, गरज आहे. तिथेही शेजाऱ्यांनी एका गाडीतून जाणे, मेट्रो स्टेशनपर्यंतच गाडी नेणे जमू शकते.

आम्ही शेवटी फ्लॅटचाच करार वाढवला. धाकटीने दोन दिवस अबोला धरला. आता दर रविवारी मेट्रोने झबील पार्कला न्यायचे मी तिला कबूल केले आहे. वाचकहो, आपणही एकदा वही काढून आपल्या घराचा हिशोब मांडून पाहावा, एवढीच विनंती.