वीज केव्हा वापरावी?

कोकणात आपले पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शनिवारचे गाळप रविवारी केले, तरी बैलाचे श्रम तेवढेच राहत. विजेचे मात्र तसे नाही. तेवढीच वीज दुसऱ्या वेळी वापरली, तर हवेत जाणारा कार्बन वायू कमीजास्त होतो.

याचे कारण असे की, वीज साठवणे महाग पडते. मागणी होईल त्या क्षणी ती निर्माण करावी लागते. इस्राएलला तर शेजारच्या देशांकडून उसनी वीजही आणता येत नाही. दुपारी नेगेवचे ऊन भरपूर वीज देते. सूर्य मावळला की घरोघरी दिवे, शेगड्या आणि एअरकंडिशनर एकदम चालू होतात, आणि ती मागणी मुख्यतः गॅस जाळून भागवावी लागते. म्हणूनच वेळेनुसार दर आकारण्याच्या पद्धतीत २०२३ पासून उन्हाळ्यातील महाग तास दुपारऐवजी संध्याकाळी ५ ते रात्री ११ असे ठरले.

परंतु स्वस्त तास तो स्वच्छ तास, असे समजू नये. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; आधुनिक गॅसकेंद्रात त्याच्या निम्म्याहूनही कमी. संध्याकाळचे काम मध्यरात्रीवर ढकलले आणि त्या वेळी कोळशाची भट्टी वाढवावी लागली, तर बिल उतरेल, पण धूर वाढेल. तेच काम भर दुपारच्या उन्हात केले, तर दोन्ही कमी होतील.

मग कर्तव्य कोणाचे? दिमोना किंवा बेर शेवाच्या उकाड्यात वृद्ध आजींना एअरकंडिशनर बंद करावयास सांगणे, यास आम्ही नीती म्हणणार नाही. त्यांची गरज थांबू शकत नाही. ज्याचे काम थांबू शकते, त्याने थांबावे: कपडे धुण्याचे यंत्र, विजेच्या मोटारीचे चार्जिंग. दिवसा घरी कोणी नसले, तरी वेळ लावून ठेवता येते. शब्बाथसाठी घड्याळ लावण्याची सवय आपल्या घरांत आहेच. तीच आठवड्याच्या इतर दिवशीही उपयोगी पडेल.

आपण वाचवलेल्या धुराबद्दल आभार मानावयास कोणी येणार नाही. तरीही बटण दाबण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे, एवढीच बांधवांस विनंती.