विरजणाचे देणे

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हणजे दोन दिवसांचे माहेरपण. शनिवारी मंडळी जमतात, टक्कल आणि ढेरी यांच्या आडून जुना मित्र हुडकून काढतात आणि त्याला ‘अरे गधड्या’ म्हणण्याचा हरवलेला हक्क पुन्हा मिळवतात. रविवारी पंगती उठतात, देणग्यांचे आकडे वाचले जातात, टाळ्या पडतात. मग कॉलेजचे ऋण फिटले, अशा समाधानाने जो तो घरी परततो.

पण ते खरोखर फिटते का?

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. असले निमंत्रण मला येण्याचे कारणच नाही. पण पंगतीबाहेरच्या माणसाला वाढप नीट दिसते, म्हणून बोलतो.

पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज घ्या. ते १८८५ साली निघाले. आगरकर तेथे प्राचार्य असतानाच १८९५ साली, चाळिशीही न गाठता गेले. त्यांचे देणे कोणी, कोणत्या पत्त्यावर पोचवायचे? रघुनाथराव परांजपे त्याच कॉलेजात शिकले, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. बड्या पगाराच्या वाटा मोकळ्या असताना ते फर्ग्युसनमध्ये परतले आणि १९०२ साली तेथे प्राचार्य झाले. त्यांनी घेतले होते गुरुजनांकडून. फेडले ते आगरकरांनी कधी पाहिलीही नव्हती अशा मुलांना.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. पितृऋण बापाला रक्कम देऊन फिटत नाही, ते संततीने फिटते. ऋषिऋणही ऋषीच्या झोळीत काही टाकून नव्हे, तर अध्ययनाने फिटते. इतके दूर तरी कशाला जा? शेजारणीकडून आणलेले विरजण कोणी परत करीत नाही. मात्र उद्या दुसरी कोणी वाटी घेऊन दारात आली, तर तिला नाही म्हणायचे नसते.

तर मग देणगी देऊच नये की काय? अवश्य द्यावी. तिच्यातून एखाद्या गरीब मुलाची फी भरली जाते, म्हणजे तेही पुढच्यालाच देणे झाले. वाईट आहे तो पावती खिशात घालताना होणारा सुटकेचा आनंद. पावतीने खाते बंद होते, आणि हे खाते तर बंद करायचेच नसते.

माझे इंग्रजीचे मास्तर पदवीधर होते. शहर सोडून आमच्या गावच्या शाळेत आले आणि तेथेच म्हातारे झाले. मेळाव्याला ते कधी गेले नाहीत. शनिवारी सकाळची शाळा असे. त्यांच्या कॉलेजची इमारत मी अजून पाहिलेली नाही. तरी तेथले विरजण त्यांच्या हातून माझ्यापर्यंत पोचले आहे, आणि रोज सकाळी माझ्या वर्गात चाळीस वाट्या पुढे येतात.