मंडळीत स्त्रीचा शब्द

नवेगाव बांध येथे मंडळीपुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगण्यात आले असता एका वृद्ध बंधूंनी पृच्छा केली की, "बाईंची सेवा थोर खरी, परंतु स्त्रीने पुरुषांस शिकवावे काय?" हा प्रश्न एकाच गावाचा नाही, म्हणून त्याचा येथे विचार करू.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. लोकांचा विरोध सोसून त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या मातेने कन्येस शिकविले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे असता तिने पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असा आग्रह काही बिशपांनी धरला. शास्त्री-पंडितांनी जे मान्य केले, ते ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांस रुचू नये, हे नवल होय! देवाने आपणासही विवेकबुद्धी दिली आहे, असे रमाबाईंनी स्पष्ट कळविले.

कोणी म्हणतील, स्त्रियांनी मंडळीत उगे राहावे असे पौल लिहितो. खरे, परंतु करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात, स्त्रीने प्रार्थना करताना व संदेश देताना कसे वागावे, हेही तो सांगतो. जी बोलणारच नाही तिला हा नियम कशाला? शिवाय अपुल्लोसासारख्या वक्तृत्वसंपन्न पुरुषास देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होतीच.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात स्वतः फिरल्या. आपला हा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी मुली व विधवा यांना त्यांनी नेऊन आश्रय दिला. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. पुरुषांची अनुमती मिळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर त्या लेकरांचे काय झाले असते?

आता आपणाकडे पाहू. मूठभर धान्य देवासाठी बाजूस काढते ती भगिनी. आजाऱ्याच्या उशाशी बसते ती भगिनी. मुलांस वचने पाठ करविते तीही भगिनीच. परंतु पंच बसले, हिशेब निघाला, की ती दाराबाहेर! श्रम हवेत, मत नको, हा न्याय नव्हे. कृपादान देव देतो. ते वापरण्यास मनाई करणारे आम्ही कोण? बांधात पाणी तुडुंब असून पाट बुजविला, तर धान वाळेल, आणि दोष पावसास देता येणार नाही.

उपदेशक बंधूंनो, पुढील सभेत भगिनींस आत बसवा, त्यांचे मत विचारा, आणि ते वहीत लिहून घ्या.