परत फिरलेला एक



टेंभी नाक्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचे नाव न ऐकलेला ठाणेकर विरळाच. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपासून ठाण्याच्या चाळींपर्यंत कितीतरी घरांतले रुग्ण अनेक दशके तेथे येत राहिले. रुग्णालय कोणतेही असो, आपला माणूस आत असताना आपण सारेच देवाचा धावा करतो. नोव्हेना सुरू होते, मेणबत्ती लावली जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रार्थना करायला सांगितले जाते. डिस्चार्जचा दिवस उजाडला की मात्र घाई असते ती कागदपत्रांची, बिलाची आणि रिक्षाची. रात्री-अपरात्री रुग्णाची कूस बदलणाऱ्या आयाबाईंचे नाव विचारायचेही राहून जाते. आठ दिवसांनी पुन्हा त्या वॉर्डात जाऊन “बाई, तुमचे फार उपकार झाले” असे सांगणारा क्वचितच भेटतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा (लूक 17:11-19) आपल्याला ठाऊक आहे. प्रभू येशूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखवण्यास सांगितले आणि वाटेतच ते शुद्ध झाले. त्यांतील नऊजण वाईट नव्हते. त्यांना जे सांगितले होते तेच ते करीत होते, मोशेचे नियमशास्त्रही तेच सांगत होते. शिवाय इतक्या वर्षांनी घर, बायको-मुले त्यांची वाट पाहत असतील. परत फिरला तो एकटा, आणि तोही परका मानला गेलेला शोमरोनी. प्रभूने नऊजणांचे आरोग्य काढून घेतले नाही. बरे दहाहीजण झाले. पण तुझ्या विश्वासाने तुझे तारण झाले आहे, हे त्या एकालाच ऐकायला मिळाले. देणगी सर्वांना मिळाली, देणारा मात्र एकालाच भेटला. कृतज्ञता म्हणजे हे परत फिरणे.

येथे कोणी विचारील, “ज्याचा रुग्ण बरा होऊन घरी आला त्याने आभार मानावेत, ज्याचा आलाच नाही त्याने काय करावे?” हा प्रश्न खरा आहे. दुःखात असलेल्या माणसाला “देवाचे आभार मान” असे वरवर सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. संत पौलनेही तसे सांगितलेले नाही. सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करा, असे तो लिहितो (1 थेस्सल. 5:18). परिस्थितीत, परिस्थितीबद्दल नव्हे. मृत्यूबद्दल, गेलेल्या नोकरीबद्दल किंवा आजाराबद्दल आभार मानण्याची सक्ती आपल्यावर नाही. लाजरच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला आणि त्याच कबरेजवळ त्याने पित्याचे आभारही मानले (योहान 11:35, 41). अश्रू आणि आभार एकाच वेळी शक्य आहेत, हे त्याने स्वतः दाखवून दिले. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर घेतली व उपकारस्तुती केली. दर रविवारी आपण साजरा करतो ती एउखरिस्तिया; या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती असा आहे. म्हणून जड अंतःकरणाने मिस्साला येणाऱ्याचीही जागा येथे वेदीजवळच आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपला ईस्ट इंडियन समाज आगेरा साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात व त्यांना आशीर्वाद दिला जातो. कष्ट आपले असले तरी पाऊस आपला नव्हता, ही त्यामागची जाण. आज ठाण्यातली बहुतेक शेते गेली, त्या जागी टॉवर उभे राहिले. तरी आगेरा करण्यासारखे पीक आपल्या घरात रोजच येत असते. महिन्याचा पगार, नळाला आलेले पाणी, लोकलच्या गर्दीतून सुखरूप घरी परतलेली लेक, आजीने पाठ केलेली रोझरी. हे सारे हक्काचे वाटू लागले की त्यातली देणगी दिसेनाशी होते.

पोप फ्रान्सिस यांनी 13 मे 2015 रोजी कुटुंबांना तीन शब्द जपण्यास सांगितले होते: परवानगी, आभार आणि क्षमा. त्यांतला मधला शब्द या आठवड्यात घरापासून सुरू करू या. ज्या हातांचा डबा आपण रोज नेतो त्यांना तो शब्द ऐकू द्या. इमारतीचा जिना झाडणाऱ्याला नावाने हाक मारू या. आणि ज्या दवाखान्यातून आपला माणूस बरा होऊन घरी आला, तेथे एकदा, कोणतेही काम नसताना, जाऊन येऊ या.

हे प्रभो, मागताना आम्ही तुझ्याकडे धावत येतो. मिळाल्यावरही परत फिरण्याची बुद्धी आम्हांला दे. जे आज रडत आहेत त्यांच्याजवळ तू राहा, आणि त्यांच्याजवळ बसण्यास आम्हांलाही शिकव. आमेन.