झाकणावरचा हात

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. घर निजलंय.

तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात. दिवा लावलेला नाही. खिडकीतून गल्लीतल्या खांबाचा उजेड ओट्यावर पडलाय, तेवढाच.

फ्रिजची घरघर ऐकू येतेय.

समोर स्टीलचा डबा आहे. डब्यात चिवडा आहे. तुमचा हात झाकणावर आहे.

इथे थांबू या.

हात मागे घेऊ नका. झाकण उघडूही नका. नुसते थांबा.

झाकण गार आहे. तळव्याला तो गारवा लागू द्या. कडेला एक पोचा आलाय, कधीतरी हातातून निसटून पडल्याचा. मधोमध ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे. आईचं असेल, आजीचं असेल. अंगठ्यानं ती अक्षरं चाचपा. सावकाश.

एक श्वास घ्या. सोडा.

आता मागे वळून पाहा. इथवर तुम्ही कसे आलात?

पाणी प्यायला उठला होतात, बहुतेक. किंवा मोबाईल चार्जिंगला लावायला. मधला रस्ता आठवत नाही. पाय आले, हात पोचला, आणि मन सगळ्यात शेवटी आलं.

ज्यांना एडीएचडी आहे, त्यांना हा न आठवणारा रस्ता पुरता ओळखीचा असतो. एरवी मनात येणं आणि हात पुढे होणं यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. तुमच्या घरात तो फार बुटका आहे. पायाला लागत नाही, म्हणून ओलांडलेला कळतही नाही.

आज रात्री हे झाकण हाच उंबरठा.

त्यावर उभे राहा.

श्वास.

हात तिथेच असू द्या. लक्ष तेवढं खाली न्या, पोटाकडे.

काय ऐकू येतंय? पोकळी आहे का? ओढ आहे का? जळजळ? की काहीच नाही?

घाई नको. एडीएचडी असलेल्या अनेकांना आतले निरोप उशिरा पोचतात. तहान लागलेली कळत नाही, लघवीला जायचं राहून जातं, आणि भूक तर थेट हात थरथरायला लागले की मगच सांगते. तेव्हा लगेच उत्तर आलं नाही, तरी कान काढून घेऊ नका.

पुन्हा विचारा. हळू.

दुपारी जेवला होतात का?

हा प्रश्न साधा वाटतो. त्यावर थोडं बसा.

सकाळी चहाबरोबर एडीएचडीची गोळी घेतलीत. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या बऱ्याच जणांची दिवसा भूकच मरते. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तास, लांबवलेल्या गोळीचा आठ ते बारा. तेवढा वेळ पोट गप्प. ऑफिसात नेलेला जेवणाचा डबा तसाच परत येतो. संध्याकाळी गोळी उतरते आणि दिवसभर दाबलेली भूक एकदम उसळून वर येते. गोळी घेत नसाल, तरी गोष्ट फार वेगळी नसते. एखाद्या कामात बुडालात की दुपार कुठे गेली ते कळत नाही.

म्हणजे ही भूक खरी असू शकते.

खरी असेल, तर तिला चिवडा पुरायचा नाही. पातेल्यात थोडा भात उरला असेल. दही असेल. दहीभात कालवा, मीठ टाका, पाटावर किंवा खुर्चीवर बसून जेवा. या भुकेत लाजण्यासारखं काही नाही. ती नऊ-दहा तास वाट पाहत होती.

पण समजा, पोट शांत आहे.

मग ओढ कुठे आहे? शोधू या.

जबड्यात पाहा. दाढांमध्ये काही आवळलंय का? जिभेच्या कडांना पाणी सुटलंय का? छातीत एक बारीक वळवळ आहे का, काहीतरी हवंय, काहीतरी हवंय, अशी?

मराठीत याला तोंडाला चाळा म्हणतात. शब्द थट्टेचा आहे, पण नेमका आहे. दिवसभर न आवडणारी कामं ओढून मेंदू कंटाळलाय. एडीएचडीत डोपामिनचा व्यवहार जरा निराळा चालतो. दूरच्या फळाची गोडी त्या मेंदूला धरून ठेवत नाही, जवळचं खारट, कुरकुरीत, गोड मात्र चटकन हाक मारतं. तुम्ही ती हाक ऐकून आलात.

हाक ऐकू येऊ द्या. उत्तर द्यायलाच हवं, असं नाही.

श्वास.

आणखी एक आवाज येत असेल. हावरट. अधाशी. किती खा-खा करशील. लहानपणी कुणी म्हटलेलं, आता तुमच्याच आवाजात.

त्याच्याशी भांडू नका. तो बोलतो तेव्हा खांदे वर जातात, पाहा. ते खाली येऊ द्या.

मन घट्ट कर, असंही तो म्हणेल. मला हा सल्ला कधीच पटलेला नाही. तो देणारी माणसं बहुधा दुपारी वेळेवर जेवलेली असतात.

झाकणाकडे परत या.

एक गंमत झालीये. मघाशी ते गार होतं. आता तळव्याखाली कोमट आहे.

म्हणजे इतका वेळ तुम्ही थांबलात.

अशा अनावर ओढीला आपल्याकडे ऊर्मी म्हणतात. ऊर्मी म्हणजे मुळात लाट. अ‍ॅलन मार्लट नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं व्यसनांवर काम करताना हीच प्रतिमा धरली होती: ऊर्मीला अडवू नका, तिच्यावर तरंगा. ती चढेल, फुटेल, ओसरेल.

आत्ता ती कुठे आहे? चढतेय? माथ्यावर आहे? नुसतं पाहा. चढत असेल तर चढू द्या.

जुन्या घरांत पान वाढून झालं, वाफा निघत असल्या, तरी जेवणारा आधी चित्राहुती घालायचा. पानाभोवती पाणी फिरायचं, भाताची शितं बाजूला ठेवली जायची. पुण्याचा हिशेब सोडून देऊ. मला त्यातला तेवढा क्षण हवाय: भूक आहे, अन्न समोर आहे, आणि हात काही वेळ दुसरंच काम करतोय.

तुमचा हातही आत्ता तेच करतोय.

आणखी एक श्वास. मग ठरवा.

ओढ ओसरली असेल, तर हात आपोआप सैल होईल. पाणी प्या. झोपा.

ओसरली नसेल, तर उघडा. खरंच, उघडा.

आधी वाटी घ्या. वाटीत दोन मुठी चिवडा काढा. झाकण लावा, डबा वर ठेवा. दिवा लावा. बसा. अंधारात उभ्यानं खाल्लेलं मोजलं जात नाही, असं आपल्याला वाटतं. खाल्ल्यासारखंही वाटत नाही, हा त्यातला तोटा.

एक घास घ्या. पोह्याचा कुरकुर आवाज कानात आतून येतो. शेंगदाणा दाताखाली फुटतो. खोबऱ्याचा काप चिवट, किंचित गोड. कढीपत्ता. मग मिरचीची धग, जराशी उशिरा.

वाटी संपली की लगेच डब्याकडे बघू नका. पोट भरल्याचा निरोप वर पोचायला साधारण २० मिनिटं लागतात.

बसून राहा. फ्रिजची घरघर अजून चालू आहे.

कधी हे सगळं जमणार नाही. हात झाकणापाशी थांबणार नाही, डबा रिकामा झाल्यावरच जाग येईल. आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असंच होत असेल, भान सुटून, लपून, नंतर स्वतःची शिसारी येत असेल, तर तुमच्या डॉक्टरांना ते सांगा. या आजाराला २०१३ पासून डीएसएम-५ या निदानग्रंथात स्वतःचं नाव आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

आज मात्र वाटी रिकामी आहे आणि तुम्ही जागे आहात.

वाटी विसळा. पाण्याचा स्पर्श घ्या. हात पुसा.

आता मोबाईल उचला. उद्या दुपारी १ चा गजर लावा, आणि त्याला नाव द्या: जेवण.