नवं सोवळं

हिंगोलीकडच्या पुसेगावचा पोरगा पुण्याच्या हापिसात इंग्रजी बोलताना अडखळतो, ई-मेल लिहिताना दहादा खोडतो. त्याला हसणारे कोण? ज्यांच्या घरात इंग्रजी तीन पिढ्यांपासून नांदतेय ते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं म्हणून आपल्या मराठीला अशुद्ध ठरवणारेही हेच. सोवळं तेच, फक्त भाषा बदलली.

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती इंग्रजीत. १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो मराठीत. सत्तेला जाब विचारायचा तिच्या भाषेत, आपल्या माणसाला जागं करायचं त्याच्या भाषेत. इंग्रजी त्यांचं हत्यार होतं, अंगावर मिरवायचा दागिना नव्हे.

म्हणून हा सवाल व्याकरणाचा नाही, नीतीचा आहे. मोडक्या इंग्रजीत हक्क मागण्यात कसली आलीय शरम? शरम वाटावी ती आपलाच शिकलेला भाऊ मागून आलेल्याच्या इंग्रजीला हसतो तेव्हा. त्या घडीला तोही विटाळ पाळू लागतो.

इंग्रजी शिका, चुकत चुकत वापरा, मागच्याला शिकवा. आणि दवाखान्याच्या इंग्रजी कागदावर काय लिहिलंय, ते मायला तिच्याच बोलीत सांगा.