उपसंहाराची विद्या

दिवाळीच्या दिवसांत तळोद्याहून सातपुड्यात शिरणाऱ्या वाटा माणसांनी भरून जातात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात असलेल्या अस्तंब्याच्या शिखरावर जायचं असतं. अस्तंबा ऋषीची यात्रा म्हणजे अश्वत्थाम्याची यात्रा. कपाळावरच्या जखमेला तेल मागत तो या रानात हिंडतो, वाट चुकलेल्याला वाटेला लावतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. ज्याला कृष्णाने तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप दिला, त्याच्या नावाने डोंगरात जत्रा भरावी, हे विलक्षणच. पण त्यामुळे एक प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. अश्वत्थाम्याचा नेमका अपराध कोणता? झोपलेल्यांना कापून काढलं, हा तर उघडच आहे. महाभारतातलं सौप्तिक पर्व मात्र तिथे थांबत नाही. शाप येतो तो त्यानंतर, एका अस्त्राच्या प्रसंगानंतर.

तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. भीम पाठलाग करत आलेला, मागोमाग कृष्ण आणि अर्जुन. अश्वत्थाम्याच्या हाताशी धनुष्यसुद्धा नाही. तो गवताची एक काडी उचलतो, मंत्र म्हणतो आणि पांडवांच्या नाशासाठी ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. त्याला शांत करायला अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहून दोघांनाही अस्त्र आवरायला सांगतात. अर्जुन आवरतो. अश्वत्थामा कबूल करतो की भीमाच्या भयाने आपण ते सोडलं, पण परत घेणं आपल्याला जमत नाही. मग ते अस्त्र उत्तरेच्या गर्भाकडे वळतं, ज्याने कुणाचं काहीच केलेलं नाही अशा जिवाकडे. मंत्र दोघांनाही येत होता, गुरू एकच होता, अस्त्रही एकच. फरक होता तो उपसंहाराचा. मराठीत उपसंहार म्हणजे ग्रंथाचं शेवटचं प्रकरण, बहुतेक वाचक जे न वाचताच मिटतात ते. अस्त्रविद्येत मात्र सोडलेलं आवरून घेणं म्हणजे उपसंहार. वनपर्वात अस्त्रांची जी अंगं सांगितली आहेत त्यांत प्रयोगाच्या जोडीला उपसंहार आहे आणि प्रायश्चित्तही आहे. म्हणजे आवर घालणं हा विद्येबाहेरचा सद्गुण नाही, ते विद्येचंच अंग आहे. ज्याला फक्त सोडता येतं त्याची विद्या अर्धी, असं या कथेचं म्हणणं मला दिसतं. आजच्या दोन अभ्यासशाखा सामान्य वाचकाला समजावून सांगायच्या तर याहून चांगली चौकट मला तरी सापडत नाही.

पहिली शाखा सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगची. संगणकाला सूचना लिहून देणं म्हणजेच सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग, असा सर्वसाधारण समज आहे. सूचना लिहिणं हा प्रयोग झाला, आणि तो हुशार मुलाला काही महिन्यांत जमतो. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत हे नाव गाजलं ते वेगळ्याच काळजीपोटी. प्रणाली इतक्या मोठ्या होऊ लागल्या होत्या की त्या लिहिणाऱ्यांच्याच हाताबाहेर जात होत्या. तेव्हापासून या शाखेने जे कमावलं त्यातलं बरंच आवरण्याबद्दलचं आहे. प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची, म्हणजे कालच्या रूपावर परत जाता येतं. बदल आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहायचा. बिघडलं तर कुणी, कुठल्या क्रमाने काय मागे घ्यायचं, हे सोडण्याआधी ठरवायचं. हे चुकतं तेव्हा काय होतं ते १९ जुलै २०२४ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या संगणकसुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे पाठवली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती. पण जे संगणक तोवर कोसळले होते त्यांतल्या बहुतेकांपर्यंत हा उपसंहार पोचू शकला नाही. माणसांना एकेका यंत्रापाशी बसून ते उठवावं लागलं.

दुसरी शाखा ऑनलाइन माध्यमांच्या संशोधनाची, आणि इथे आवरणं त्याहून अवघड. नंदुरबारला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींत एक कराचीतली होती. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात, एवढीच ती फिरत होती. मुळात ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. पुढच्या क्षणी ते दोघे परत येतात, मूल खाली ठेवतात आणि एक फलक उलगडून दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढाच भाग कापला होता. उपसंहार कापलेला प्रयोग म्हणतात तो हाच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी पुढे अशा मर्यादांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की त्यांनी पसरण्याचा वेग कमी होतो, पण फार वेगाने फैलावणारा मजकूर थांबत नाही. आपण पाठवलेला निरोप ‘सगळ्यांसाठी’ पुसता येतो, पण दुसऱ्याने पुढे ढकललेली त्याची प्रत पुसता येत नाही. ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातमीसाखळ्या तपासून २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की खरी बातमी दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खोटीच्या सुमारे सहापट वेळ घेते. तो अभ्यास फक्त तपासणी झालेल्या बातम्यांचा होता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष सरसकट लावू नये. तरीही खुलासा धापा टाकत मागून येतो, हे त्यातून स्पष्ट होतं.

यावर कुणी म्हणेल, हा विद्येचा नव्हे, अडाणीपणाचा प्रश्न आहे. लोक शिकले की संपेल. हे म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. अश्वत्थामा अडाणी नव्हता, द्रोणाचा मुलगा होता. त्याच्याकडे भय होतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत अभ्यास करून २०१९मध्ये मांडलं तेही याच दिशेचं आहे. असे निरोप पुढे जातात ते मोबाइल नीट वापरता येत नाही म्हणून नव्हे, तर कुणाबद्दल तरी मनात आधीच संशय आणि द्वेष असतो म्हणून. म्हणजे उपसंहाराची अर्धी बाजू यंत्रात असते, अर्धी माणसात. महाभारतही अस्त्र आवरण्याची शक्ती मंत्रापेक्षा साधकाच्या व्रताशी जोडतं. मला ते उगाच नीतिपाठ वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मागे घेता येईल याची खात्री होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर कुणी काही सुरूच करणार नाही. खरं आहे. अर्जुनानेही अस्त्र सोडलंच होतं, आणि कथा त्याला त्याबद्दल दोष देत नाही. म्हणून मागणी थांबण्याची नाही, प्रमाणाची आहे. जे परत घेता येत नाही ते तितकं हळू, तितकं थोडं सोडावं. क्राउडस्ट्राइकने पुढे टप्प्याटप्प्याने फाइली पाठवण्याचं ठरवलं, ते हेच. आणि काही गोष्टींना उपसंहारच नसतो, हे आधी ओळखावं लागतं. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवणाऱ्या आधारचं देशातलं पहिलं वाटप नंदुरबार जिल्ह्यातच, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी झालं. पासवर्ड चोरीला गेला तर नवा घेता येतो, बोट नवं घेता येत नाही. बोटांच्या ठशांना कुलूप घालण्याची सोय आधारमध्ये आहे, पण ऊसतोडीने आणि मातीकामाने झिजलेल्या रेषांना त्या कुलपाचा काय उपयोग?

राहिला शेवटचा आक्षेप. गाडीचं इंजिन न कळता आपण गाडीत बसतोच, मग सामान्य माणसाला हे सगळं कशाला कळायला हवं? इंजिन कळायची गरज नाहीच. पण ब्रेक आहे की नाही हे विचारायला इंजिनीअर व्हावं लागत नाही, आणि ब्रेक नसला तर आधी दुखापत होते ती विचारण्याची संधी नसलेल्याला. राईनपाड्यात मेले ते भिक्षा मागायला आलेले, अफवा पसरवणारे नव्हेत. महाभारतातही अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेलं, सोडणाऱ्यावर नव्हे. रेशनच्या रांगेत यंत्रावर तिसऱ्यांदा बोट टेकवणारी बाई “नाही लागलं तर पुढं काय?” असं विचारते, तेव्हा ती उपसंहाराबद्दलच विचारत असते. त्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नसतं. ते असायला हवं यंत्रणा लिहिणाऱ्याकडे, आणि तेही यंत्र दुकानात येण्याच्या आधी.